अंतुले प्रकरण: खुर्ची साडेचार महिन्यांत गेली, खटला मात्र उंबऱ्यावरच अडला

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाचे चार-पाच निकाल आम्हाला अभ्यासाला आहेत. पण त्या प्रकरणात शेवटी ते दोषी ठरले की निर्दोष, हे त्यातल्या एकाही निकालात सापडत नाही. आजोबा म्हणतात, अंतुले साहेबांसारखा मुख्यमंत्री पुन्हा झाला नाही. वडील म्हणतात, सिमेंटवाला मुख्यमंत्री. मी कोणाचं ऐकू? आणि आज असं प्रकरण झालं तर काय होईल?"

मी तीसहून अधिक वर्षं मुंबईच्या सत्र न्यायालयात लाचलुचपतीचे खटले चालवतो आहे. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, अधूनमधून फिर्यादीच्या. त्यामुळे अंतुल्यांचे निकाल माझ्यासाठी रोजची हत्यारं आहेत. शिवाय मी मूळचा महाडकडचा, म्हणजे हा माणूस माझ्या जिल्ह्याचा. दोन्ही कारणांनी उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ उत्तर. अंतुले १९८० ते १९८२ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि सिमेंटच्या बदल्यात एका न्यासासाठी देणग्या घेतल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं ते मुंबई हायकोर्टाच्या एका रिट अर्जावरच्या, म्हणजे सत्ता कायद्याप्रमाणे वापरली नाही अशा तक्रारीवरच्या, निकालाने. तो फौजदारी खटला नव्हता. फौजदारी खटला वेगळा होता आणि त्याची पहिली दहा वर्षं हा खटला कोणी दाखल करायचा, कोणाच्या मंजुरीने आणि कोणत्या न्यायाधीशापुढे, एवढ्याच वादात गेली. त्यांना दोषी ठरवणारा निकाल कधी लागला नाही. तुम्ही जे निकाल वाचता ते सगळे या वाटेतल्या वादांचे आहेत. म्हणून त्यात "दोषी की निर्दोष" सापडत नाही.

आता आजोबा आणि वडील. दोघांचंही म्हणणं ऐका, कारण दोघंही एकाच माणसाबद्दल आणि एकाच स्वभावाबद्दल बोलत आहेत.

अब्दुल रहमान अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा. लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर होऊन आले आणि १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून आमदार झाले. सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा त्यातल्या विसंगती एकेक करून दाखवणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. १९६९ मध्ये राज्यमंत्री, १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री, १९७६ मध्ये राज्यसभा. १९७७ च्या पराभवानंतर काँग्रेसमधले मोठमोठे लोक इंदिरा गांधींना सोडून चालले होते तेव्हा हे राहिले आणि पक्षाचे सरचिटणीस झाले. त्या निष्ठेची पावती ९ जून १९८० ला मिळाली. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झालेला हा पहिला मुसलमान माणूस, आणि आजवरचा एकमेव. मागे साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, जातीचं संख्याबळ नाही. सत्ता दिल्लीतून आली होती. ती वापरायला वेळ थोडा आहे हे त्यांना ठाऊक असावं, असं त्यांच्या निर्णयांचा वेग पाहून मला नेहमी वाटतं.

त्या दीड वर्षातली कामं बघा. निराधारांसाठी संजय गांधी योजना. छोट्या शेतकऱ्यांची कर्जमाफी. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा. आणि आम्हा वकिलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ. मराठवाड्याची ही मागणी वर्षानुवर्षं धूळ खात होती. त्यांच्या मंत्रिमंडळाने १९८१ च्या सुरुवातीला ठराव केला आणि २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादेत कामकाज सुरूही झालं. नांदेड-परभणीच्या पक्षकाराला एका तारखेसाठी मुंबई गाठायला काय पडत होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला या निर्णयाचं मोल सांगावं लागत नाही.

संजय गांधी योजनेबद्दल एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आजही म्हाताऱ्या बायका बसलेल्या दिसतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड, हयातीचा दाखला. त्या एकमेकींना विचारतात, "संजय गांधीचे पैसे आले का गं?" योजनेचं पूर्ण नाव त्यांना सांगता येत नाही. ती कोणी आणली हेही बहुतेकींना माहीत नाही. पण चाळीसहून अधिक वर्षं, कितीतरी सरकारं आली-गेली, तरी ती योजना बंद करायची कोणाची छाती झाली नाही. तुमच्या आजोबांचं म्हणणं इथून येतं आणि ते खोटं नाही.

वडिलांचं म्हणणं समजायला मात्र आधी सिमेंट समजलं पाहिजे. तुमच्या पिढीला हे कठीण जातं, कारण आज कोपऱ्यावरच्या दुकानात सिमेंटची पोती रचलेली असतात. तेव्हा सिमेंट नियंत्रित होतं. भाव सरकारने बांधलेला, वाटपही सरकारच्या हातात. घर बांधायचं, ओटा करायचा, विहीर बांधून काढायची, तर तहसीलमधून परमिट आणायचं. मी शाळेत होतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीसाठी वडिलांनी परमिटाकरता किती खेपा घातल्या ते मला आठवतं. पोती आली ती पावसाच्या तोंडावर. माजघरात फळ्या टाकून त्यावर ती रचली, वर गोणपाट घातलं, तरी गवंडी येईपर्यंत तीन पोती दगड झाली. आईने ते दगड पुढे कित्येक वर्षं न्हाणीच्या दाराशी पायरीसारखे वापरले. आणि ज्याला परमिट नको होतं त्याच्यासाठी तेच सिमेंट काळ्या बाजारात मिळायचं, भरमसाट भावाने.

सरकारी भाव आणि काळ्या बाजाराचा भाव यातली तफावत म्हणजे उघड्यावर पडलेला पैसा. ज्याच्या सहीने सिमेंट सुटतं त्याच्या हातात तो पैसा वाटायची ताकद येते. खेड्यात ती तलाठी-तहसीलदाराकडे होती. मुंबईत बिल्डरांना हजारो पोती लागायची आणि तिथे ती वर मंत्रालयात होती.

आता देणग्यांच्या न्यासाकडे या. ऑक्टोबर १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास निघाला. उद्देश साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा. उद्देशात वावगं काहीच नव्हतं. अंतुल्यांना साहित्याची, भाषेची आस्था होती, हे त्यांचे विरोधकही नाकारत नसत. प्रश्न पैसा कसा आला याचा होता. ज्या साखर कारखान्यांची कामं सरकारदरबारी अडली होती त्यांच्याकडून देणग्या. ज्या बिल्डरांना सिमेंट हवं होतं त्यांच्याकडून देणग्या. ३१ ऑगस्ट १९८१ ला, औरंगाबादचं खंडपीठ सुरू झाल्यावर बरोबर चार दिवसांनी, इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि देशभर गदारोळ उठला. पंतप्रधानांचं नाव न्यासाला दिल्यामुळे संसदही तापली.

इथून दोन वाटा फुटतात आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका इथे होतो.

पहिली वाट रिटची. समाजवादी नेते प्रा. प. बा. सामंत आणि सहकारी हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की, सिमेंट वाटपात मनमानी झाली आहे आणि त्याचा देणग्यांशी संबंध आहे. ते न्या. बख्तावर लेंटिन यांच्यासमोर चाललं. (जे. जे. रुग्णालयातल्या औषधबळींच्या चौकशीमुळे पुढे घराघरात पोचले ते हेच लेंटिन.) अशा अर्जात साक्षीदार पिंजऱ्यात येत नाहीत. प्रतिज्ञापत्रं, सरकारी फायली, तारखा. देणगीची तारीख आणि सिमेंट मंजुरीची तारीख एकमेकींशेजारी ठेवायच्या आणि बघायचं. १२ जानेवारी १९८२ ला लेंटिन यांनी निकाल दिला की वाटप आणि देणग्या यांचा संबंध आहे. अंतुल्यांनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. आठवडाभराने बाबासाहेब भोसले आले. लेखापासून राजीनाम्यापर्यंत साडेचार महिने.

या निकालाचं वजन कमी लेखू नका, पण त्याची हद्दही ओळखा. रिट कोर्ट विचारतं, सत्ता कायद्याप्रमाणे वापरली का? फौजदारी कोर्ट विचारतं, या माणसाने हा गुन्हा केला हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालं का? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं म्हणून दुसऱ्याचं "हो" येत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे पक्षकार, सुशिक्षित लोकसुद्धा, खात्याच्या चौकशीतला ठपका आणि कोर्टातली शिक्षा यात फरक करत नाहीत. वर्तमानपत्रं तर नाहीच करत.

दुसरी वाट फौजदारी. मुंबईतले भाजपचे रामदास नायक यांनी १ सप्टेंबर १९८१ ला, म्हणजे लेखाच्या दुसऱ्या दिवशी, राज्यपालांकडे खटल्याची मंजुरी मागितली आणि ११ सप्टेंबरला मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद दिली. लोकसेवकावर लाचेचा खटला चालवायचा तर त्याला पदावरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती नाही म्हणून मॅजिस्ट्रेटने लाचेच्या कलमांची दखल घ्यायला नकार दिला.

या मंजुरीला आम्ही सगळे "सँक्शन"च म्हणतो. बाहेरच्याला वाटतं, हा एक कागद. प्रत्यक्षात अर्धे खटले या कागदावर पडतात. सँक्शन देणारा अधिकारी पिंजऱ्यात आला की आमची उलटतपासणी ठरलेली असते. साहेब, तुमच्याकडे किती पानांची फाइल आली होती? कोणत्या दिवशी आली, सही कोणत्या दिवशी केली? त्या दिवशी तुमच्या इतर बैठका किती होत्या? आदेशाचा मसुदा तुमच्या कार्यालयात झाला की तपास यंत्रणेकडून टाइप होऊन आला? एका खटल्यात मी आदेशातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. तीच चूक, त्याच ओळीत, तपास अधिकाऱ्याने पाठवलेल्या मसुद्यात होती. अधिकाऱ्याने डोकं वापरलंच नाही हे सिद्ध करायला तेवढं पुरलं. आरोपी सुटला. त्याने पैसे घेतले होते की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोर्टात निघालाच नाही. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही. पण ती सांगितल्याशिवाय अंतुले प्रकरण कळणार नाही.

मुख्यमंत्र्याचं सँक्शन देणार कोण? राज्यपाल. पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे मंत्रिमंडळाच्या प्रमुखावरचा खटला मंत्रिमंडळच ठरवणार का? हायकोर्टात हा मुद्दा आला तेव्हा सरकारी बाजूने मान्य केलं की इथे राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं. पुढे सुप्रीम कोर्टात सांगायचा प्रयत्न झाला की तशी कबुली दिलीच नव्हती. सुप्रीम कोर्टाने ऐकलं नाही. निकालपत्रात न्यायाधीशांनी जे नोंदलं ते अंतिम, चूक वाटत असेल तर त्याच न्यायाधीशांकडे लगेच जा, वरच्या कोर्टात येऊन "आम्ही असं बोललोच नाही" म्हणायचं नाही. १९८२ सालचं हे वाक्य मी आजवर निदान पन्नास वेळा समोरच्या वकिलाला वाचून दाखवलं असेल.

जुलै १९८२ च्या अखेरीस राज्यपालांनी मंजुरी दिली, तीही मोजक्या बाबींपुरती. ९ ऑगस्टला नायक यांनी विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद दाखल केली. आता अंतुल्यांच्या बाजूने हरकत आली की असा खटला खासगी माणूस दाखल करूच शकत नाही, पोलिसांनीच आणला पाहिजे. ती फेटाळली गेली. मग पुढची हरकत: अंतुले मुख्यमंत्री नसतील, पण आमदार आहेत. आमदार लोकसेवक आहे, मग विधानसभेची मंजुरी कुठे आहे? विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांनी २५ जुलै १९८३ ला ही हरकत मान्य केली आणि अंतुल्यांना दोषमुक्त केलं.

दोषमुक्त म्हणजे डिस्चार्ज, निर्दोष नव्हे, हे पक्कं करून ठेवा. खटला चालण्याआधीच दार बंद झालं, एवढाच त्याचा अर्थ.

नायक सुप्रीम कोर्टात गेले. १६ फेब्रुवारी १९८४ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल हा तुमच्या अभ्यासक्रमातला पहिला. त्यात ठरलेल्या गोष्टी तीन. ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद कोर्टाने दखल घेण्याच्या दिवशी सुटलेलं असेल तर मंजुरी लागत नाही. आमदार दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे लोकसेवक नाही. (खासगी फिर्यादही चालते, असं त्याच सुमारास दुसऱ्या निकालात सांगितलं.) आणि तिसरी गोष्ट, जी कोणी मागितली नव्हती. प्रकरण आधीच रेंगाळलं आहे म्हणून खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडे सोपवला.

न्यायालयाचा हेतू शुद्ध होता. लवकर व्हावं, मोठ्या माणसाचा खटला मोठ्या न्यायाधीशापुढे चालावा. पण याच घाईने पुढची चार वर्षं पाण्यात घातली. कशी, ते सांगतो.

हायकोर्टात न्या. डी. एन. मेहता यांच्यापुढे सत्तावन्न साक्षीदार तपासले गेले. मग त्यांनी एकवीस आरोप ठेवले आणि बावीस आरोप ठेवायला नकार दिला. नायक पुन्हा सुप्रीम कोर्टात. १७ एप्रिल १९८६ ला त्या बावीस आरोपांबाबत सुप्रीम कोर्टाने बहुतांशी नायक यांची बाजू घेतली आणि प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींकडे पाठवलं. हा निकाल विद्यार्थी सहसा वगळतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवणारा तोच आहे, कारण एवढ्याच निकालात पुराव्याकडे नीट पाहिलं गेलं. त्यातला खंडणीचा भाग वाचा. फिर्यादीचं म्हणणं होतं की साखर कारखान्यांकडून दबावाने पैसे उकळले. कोर्ट म्हणालं, खंडणी व्हायला आधी भीती पाहिजे आणि त्या भीतीपोटी पैसे दिलेले पाहिजेत. कारखान्यांची गाऱ्हाणी सरकारकडे पडून होती, देणगी द्या म्हणून दबाव होता, बदल्यात गाऱ्हाणी ऐकू असं सुचवलं गेलं असेल, तरी याला खंडणी म्हणता येत नाही. एवढं सगळं धरून चाललं तरी गुन्हा खंडणीचा होत नाही. पण तेच व्यवहार लाचेच्या कलमांखाली मात्र तपासायला हवेत, असं कोर्टाचं मत पडलं. कलम कोणतं लावायचं हा नुसता कारकुनी प्रश्न नसतो, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे वाचलेलं नाही.

न्या. पी. एस. शाह यांनी मग तब्बल एकोणऐंशी आरोप ठेवले. आता वाटतं ना, खटला मार्गी लागला? २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की १९८४ चा तो हायकोर्टात पाठवायचा आदेशच चुकीचा होता. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असे खटले विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे आहेत. दुसरीकडे पाठवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टालाही नव्हता. शिवाय आरोपीचं एक अपील त्यामुळे बुडालं, कारण विशेष न्यायाधीशांनी शिक्षा दिली तर हायकोर्टात अपील करता येतं. हायकोर्टानेच खटला चालवला तर ती पायरी राहत नाही. कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड कोणालाही बसता कामा नये, असं बहुमताने म्हटलं आणि हायकोर्टातली सगळी कार्यवाही रद्द झाली. सत्तावन्न साक्षी, एकोणऐंशी आरोप, सगळं पुन्हा शून्यावर.

लोक विचारतात, सर्वोच्च न्यायालय मोठ्या माणसासाठी वाकलं का? मी तसं मानत नाही. निकाल दोन्ही बाजूंनी वाचल्यावर माझं मत असं आहे की बहुमताचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. न्या. वेंकटचलय्यांचं विरोधी मतही तितक्याच गांभीर्याने वाचा. अंतिम न्यायालयाचा निकाल त्याच न्यायालयाने असा मागे घेतला तर शेवट कुठे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पुढे २००२ मध्ये क्युरेटिव्ह याचिकेचा, म्हणजे अंतिम निकालातली गंभीर चूक त्याच कोर्टाकडून दुरुस्त करून घेण्याचा, मार्ग आखताना सुप्रीम कोर्टाला याच निकालाचा आधार घ्यावा लागला. आज फाशीच्या शिक्षेतला कैदी शेवटची म्हणून जी याचिका करतो तिच्या मुळाशी एका मुख्यमंत्र्याचा सिमेंटचा खटला आहे.

आणि मग स्वाभाविकच शेवटची हरकत आली. इतकी वर्षं झाली, आता खटलाच रद्द करा. १० डिसेंबर १९९१ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल यावर आहे. जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे, तो तपासापासून अपिलापर्यंत सगळ्या टप्प्यांना लागू आहे, पण त्याला वर्षांचं गणित लावता येणार नाही. उशीर कोणामुळे झाला, किती वेळ कोर्टातच गेला, हे प्रत्येक खटल्यात तोलायचं. त्या तोलात अंतुल्यांची मागणी बसली नाही. वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत पडलेल्या गरीब आरोपींसाठी आम्ही जामीन मागतो तेव्हा या निकालातला परिच्छेद वाचतो. ज्याच्या नावाने तो निकाल आहे तो माणूस तेव्हा खासदार होता, ही गोष्ट त्या आरोपीला सांगून काही उपयोग नसतो.

हो, खासदार. १९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४ मध्ये कोकणाने त्यांना लोकसभेत पाठवलं. १९९५-९६ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री होते, २००६ पासून अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या हौतात्म्याबद्दल त्यांनी जाहीरपणे शंका काढली, पक्षाने हात झटकले आणि गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत निवेदन केल्यावर त्यांनी विषय सोडला. पुराव्याविना, देश जखमी असताना, मंत्रिपदावरून असं बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. २००९ मध्ये अनंत गीतेंनी त्यांचा पराभव केला. २ डिसेंबर २०१४ ला ते गेले.

आमच्या भागातले लोक आरोप विसरून मतं देत होते का? नाही. लहानपणी पारावर मी हे वाद ऐकले आहेत. "खाल्लं असेल, पण आमच्याकडे बघितलं" असं म्हणणारे होते. "स्वतःच्या घरात नेलं नाही, न्यासात ठेवलं" असं म्हणणारेही होते. हे दुसरं म्हणणं कायद्यापुढे टिकत नाही. पदावरून केलेल्या कामाच्या बदल्यात पैसा घेतला तर तो कोणत्या तिजोरीत गेला, याने गुन्हा बदलत नाही. पण एवढं खरं की निराधार म्हातारीला पैसे मिळावेत म्हणून झटकन होणारी सही आणि सिमेंटच्या कागदावर होणारी सही एकाच हाताची होती. खाते, सचिव, नियम, समिती यांना वळसा घालून काम करायची जी धमक आजोबांना आवडते, त्याच धमकेतून वडिलांना खुपणारं प्रकरण जन्मलं. मी दोन्ही सह्या एकत्र धरतो. त्यातली एक पुसून दुसरी ठेवणं मला जमत नाही.

एक तारीख मुद्दाम सांगतो. २८ फेब्रुवारी १९८२. अंतुले जाऊन दीड महिनाही झाला नव्हता आणि केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. सिमेंटचा काही हिस्सा उघड बाजारात विकायची मोकळीक कारखान्यांना मिळाली. पुढे तर परमिट हा शब्दच या धंद्यातून गेला. त्यानंतर सिमेंटवरून कोणी मुख्यमंत्री गेला नाही. जमिनीवरून, सदनिकांवरून गेले, जिथे जिथे सहीने भाव बदलतो तिथून.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आज असं झालं तर? आजचा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि त्यात लोकसेवकाची व्याख्या रुंद आहे. झारखंड मुक्ती मोर्चाच्या लाच प्रकरणात १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासदाराला लोकसेवक ठरवलं, तेव्हा आमदाराबाबतचा तो १९८४ चा मुद्दा या कायद्यापुरता मागे पडला. पण खरी गोष्ट २०१८ ची दुरुस्ती. तिने कलम १९ मध्ये शब्द घातले की गुन्ह्याच्या वेळी जो पदावर होता त्याच्यासाठीही मंजुरी लागेल, मग आज तो पदावर असो-नसो. म्हणजे १९८४ मध्ये नायक ज्या मुद्द्यावर जिंकले तो आज उरलेला नाही. राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्यासाठीही राज्यपालांचं दार ठोठवावं लागेल. शिवाय नवं कलम १७-अ आहे. अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच आधी मान्यता. आदर्श सोसायटीच्या सदनिकांच्या प्रकरणात काय झालं आठवून पाहा. अशोक चव्हाण यांच्याबाबत एका राज्यपालांनी २०१३ मध्ये मंजुरी नाकारली, दुसऱ्यांनी २०१६ मध्ये दिली आणि २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. चार वर्षं, आणि वाद तोच, उंबऱ्यावरचा.

प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या फिर्यादींपासून संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. अशा अधिकाऱ्यांचे खटले मी लढलो आहे, त्यांची घरं उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत. पण मंजुरी देणाऱ्याने ती ठरावीक दिवसांत द्यावी किंवा कारणं लिहून नाकारावी आणि त्या कारणांची परीक्षा कोर्टाने एकदाच, सुरुवातीलाच करून टाकावी. खटला संपल्यावर निकालाच्या दिवशी सँक्शन चुकीचं म्हणून आरोपी सोडायचा, हे फिर्यादीलाही लुबाडणं आहे आणि निर्दोष आरोपीलाही. निर्दोष माणसाला निर्दोष म्हणवून घ्यायचा हक्क असतो. अंतुल्यांनाही तो होता.

परीक्षेसाठी वाचणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी १९८२ चा राज्यपालांबद्दलचा निकाल, तो छोटा आहे. मग १९८४. मग १९८६ चा, सावकाश, कागद-पेन घेऊन, प्रत्येक बिल्डरची तारीख मांडत. १९८८ वाचताना बहुमत आणि विरोधी मत एकाच बैठकीत वाचा, नाहीतर पहिलंच मनात बसतं. १९९१ चा शेवटी. वाचून झालं की आजोबा आणि वडील दोघांनाही एकत्र बसवून १९८६ च्या निकालातला खंडणीचा परिच्छेद मराठीत समजावून सांगा. तिथे अडलात तर पुन्हा विचारा.